अंगीकार

ऑपरेशनच्या टेबलावर मी उताणी पडले होते आणि माझा उजवा हात कोपरात दुमडून पोटावर ठेवलेला होता. निदान मला तसं वाटत होतं. भुलीचं इंजेक्शन खांद्याजवळ देऊन अर्धा तास झाला होता. हात बधिर, बाकी मी टक्क जागी. मनगटाचं हाड सरकलं होतं, ते जागेवर बसवून दोन तारा घालायच्या होत्या, एवढंच काम. तेवढ्यात सिस्टरनी माझ्या उजव्या बाजूने कुणाचा तरी हात उचलला. सुजलेला, पिवळट औषध फासलेला, बोटं लोंबणारा. हा कुणाचा हात आणि माझ्या शेजारी कोण झोपलंय, असा प्रश्न मला खरोखर पडला. मग नखावरून ओळख पटली. करंगळीचं नख तुटलेलं होतं, मी पडले तेव्हाच तुटलेलं.

आणि ओळख पटली त्या क्षणी पोटावरचा हात नाहीसा झाला.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांना काहीच विशेष वाटलं नाही. "बऱ्याच जणांना होतं. हात सरळ असतो आणि पेशंट म्हणतो दुमडलाय." म्हणजे हाताकडून खबर येणं बंद झालं तरी मेंदू ती जागा मोकळी ठेवत नाही. आपल्या मनाने एक हात तिथे मांडून ठेवतो, आणि खरा हात नजरेला पडला की मांडलेला मुकाट्याने आवरून घेतो.

त्या रात्री जाग आली तेव्हाही भूल पुरती उतरली नव्हती. अंधारात पांघरूण ओढायला डावा हात फिरवला, तर उशीजवळ काहीतरी ऊबदार, जड, मऊ लागलं. दचकलेच. प्लॅस्टरमधून बाहेर आलेली माझीच बोटं होती. एरवी आपण आपल्या हातावर हात ठेवतो तेव्हा स्पर्श दोन्हीकडून होतो, ठेवणाऱ्या हातालाही कळतं आणि ज्याच्यावर ठेवला त्यालाही. त्या रात्री तो एकीकडूनच झाला. डाव्याला उजवा लागला, उजव्याला काहीच लागलं नाही. परक्या माणसाला न विचारता हात लावल्यासारखं ओशाळवाणं वाटून मी हात मागे घेतला. डावा, अर्थात.

हे सगळं मी विसरूनही गेले असते. पण दीडेक वर्षाने माझा भाचा एक हेडसेट घेऊन आला, डोळ्यांवर चढवला की आभासी जग दाखवणारा. त्याचं कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट करायचा होता, आणि घरात रिकामी माणसं कोण, तर मी.

"मावशी, तू फक्त बसायचंस. प्रयोग तुझ्यावर आहे."

"आणि मला काही झालं तर?"

"तर हेडसेट नीट काढून ठेव आधी. मित्राचा आहे."

हेडसेट चढवला. एक रिकामी खोली, समोर टेबल, आणि मनगटापाशी संपणारे दोन राखाडी हात. मी बोटं हलवली की त्यांची हलायची, मूठ वळली की मूठ. गुणी होते हात. पण माझे वाटले का? नाही. हे सगळं करतेय मीच, याबद्दल शंका नव्हती. तरी ते हात माझे नव्हते. या दोन वेगळ्या भावना आहेत, आणि यावर काम करणारे शास्त्रज्ञही त्या वेगळ्या मोजतात. एक कर्तेपणाची, दुसरी आपलेपणाची. डॉक्टर तुमचा हात धरून वर करतात तेव्हा हात तुमचा असतो, कर्तेपण त्यांचं. राखाडी हातांचं उलटं होतं, कर्तेपण होतं आणि आपलेपण नव्हतं. ऑपरेशनच्या टेबलावरच्या त्या हाताबाबत तर दोन्ही गेलं होतं.

मी समोरच्या टेबलावर हात टेकायला गेले. हात टेबलातून आरपार खाली गेला. हातात धरायला दिलेलं यंत्र, कंट्रोलर, तळव्यात एकदा गुरगुरलं, बस्स. मी वाकून टेबलाखाली आलेली स्वतःची बोटं बघत बसले.

आता खरा प्रयोग. भाच्याने कंट्रोलर काढून घेतला आणि त्याला रंगकामाचा एक मऊ ब्रश रबर बँडने बांधला. माझा उजवा हात खऱ्या टेबलावर पालथा ठेवायला सांगितला. हेडसेटमध्ये एकच राखाडी हात दिसत होता, तोही खऱ्या हातापासून चांगला वीतभर डावीकडे. खरा ब्रश माझ्या बोटावरून फिरला की आतला ब्रश राखाडी हाताच्या त्याच बोटावरून फिरणार. पहिल्या खेपेला त्याने मुद्दाम अर्ध्या सेकंदाचा उशीर ठेवला होता. मला बोटाला गुदगुली व्हायची, मग ब्रश दिसायचा. वीज आधी आणि गडगडाट मागून, तसं. दोन वेगवेगळ्या बातम्या, एकमेकींशी काही नातं नसलेल्या. दोन मिनिटांनी मला जांभई आली.

दुसऱ्या खेपेला उशीर काढून टाकला. तर्जनीवरून एकदा, दोनदा. मधल्या बोटावर आडवा. मग अंगठ्याच्या बाजूने मनगटापर्यंत. पहिली काही फिरवणी काहीच झालं नाही. नंतर नेमकं कधी ते सांगता येणार नाही, पण डोळा लागताना कधी लागला ते जसं सांगता येत नाही तसं, ब्रश 'तिथे' लागायला लागला. राखाडी बोटावर. त्या हाताला सुरकुती नव्हती, शीर नव्हती, नखं नुसती आखल्यासारखी, आणि तरीही केसांचा एक एक पुंजका त्या त्वचेवरून जाताना मला तिथल्या तिथे कळत होता.

"डोळे मीट आणि डाव्या हाताने दाखव, उजव्याचं मधलं बोट कुठाय."

मी दाखवलं. त्याने पट्टीने मोजलं. खऱ्या बोटापासून चार सेंटीमीटर डावीकडे, राखाडी हाताच्या दिशेने. डोळे उघडले, ब्रश पुन्हा सुरू झाला, आणि मी निवांत बसलेली असताना वरून एक सुरी सरळ राखाडी हातावर पडली. मी हात असा हिसकला की खुर्ची मागे गेली. पोटात गोळा आलेला. खऱ्या टेबलावर माझा खरा हात सुरक्षित होता, हे मला पूर्ण ठाऊक होतं. पण ते ठाऊक असणारी मी आणि हात ओढणारी मी, या दोघींची गाठ पडलेली नव्हती.

या खेळाचा मूळ प्रयोग जुना आहे आणि त्यात कॉम्प्युटर नाही. १९९८ साली मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी माणसाचा खरा हात एका पडद्याआड ठेवला, समोर रबरी हात ठेवला, आणि दोन ब्रशांनी दोन्ही हातांवर एकाच वेळी, एकाच जागी, दहा मिनिटं हलके फटकारे मारले. लोक म्हणाले, रबरी हात आमचा वाटला. डोळे मिटून हात दाखवायला सांगितला तर बोट रबरी हाताकडे सरकलं. 'नेचर'मध्ये जेमतेम एका पानाचा लेख आला. त्या एका पानावर पुढची पंचवीस-तीस वर्षं लोक काम करताहेत.

मराठीत या गोष्टीसाठी शब्द शोधायला लागले तर तो तयारच निघाला. अंगीकार. आपण तो तत्त्वांसाठी, धोरणांसाठी, फार तर व्रतासाठी वापरतो, सभेतल्या भाषणासारखा. पण मुळात शब्द काय सांगतो? जे अंग नव्हतं ते अंग करून घेणं. रबरी हाताचं नेमकं हेच होतं. 'आभासी शरीराच्या मालकीची जाणीव' वगैरे लिहिण्यापेक्षा मला हा शब्द बरा वाटतो. मालकी एकदा मिळाली की कागदावर राहते. अंगीकार दर क्षणाला करत राहावा लागतो, आणि इंजेक्शनच्या एका सुईने तो मोडतो, हे मी स्वतः बघितलंय.

या अंगीकाराला काय लागतं? मला वाटलं होतं, हुबेहूबपणा. तसं नाहीये. माझा राखाडी हात हुबेहूब अजिबात नव्हता. लागतो तो वक्तशीरपणा. दिसणं आणि लागणं यांच्यात साधारण ३०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की भ्रम विरायला लागतो, असं रबरी हाताच्या पद्धतीने केलेल्या मोजणीत दिसलंय. शरीर खोटी साक्ष खपवून घेतं, उशिरा आलेली साक्ष खपवून घेत नाही. अर्थात काहीही खपतं असंही नाही. व्ही. एस. रामचंद्रन आणि कॅरी आर्मेल यांनी २००३ साली दाखवलं की नुसत्या टेबलावर आणि लपवलेल्या हातावर एकाच वेळी टकटक केली, तर टेबलाला इजा होतेय असं दिसल्यावर माणसाच्या हाताला बारीक घाम येतो; रबरी हाताच्या वेळी येतो त्याहून कमी, पण येतो. दोनच वर्षांनी दुसऱ्या प्रयोगात लाकडी काठी ठेवून पाहिली, रबरी हात आडवा वळवून ठेवला, तर भ्रम टिकेना. माझा कौल काठीवाल्यांच्या बाजूने. हात हातासारखा आणि आपल्या खांद्याला जोडता येईल असा असावा, एवढी अट शरीर घालत असावं. रंग, वय, सुरकुत्या याबाबत मात्र ते फार उदार आहे.

हाताने होतं ते अख्ख्या अंगानेही होतं. २००८ साली वालेरिया पेटकोवा आणि हेन्रिक एर्सन यांनी दुकानातल्या पुतळ्यासारख्या एका पुतळ्याच्या डोळ्यांच्या जागी कॅमेरे लावले आणि ते दृश्य माणसाच्या डोळ्यांवरच्या पडद्यांवर सोडलं. खाली बघितलं की आपल्या पोटाऐवजी पुतळ्याचं पोट. दोन्ही पोटांवर एकदम काठी फिरवली की पोट आपलं वाटायला लागतं. मग कॅमेरे दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर बसवले आणि दोघांना हस्तांदोलन करायला सांगितलं. माणूस समोरच्याच्या अंगात बसून स्वतःशीच हस्तांदोलन करत होता, आणि हाताच्या प्रत्येक दाबाने तो समोरच्याच्या अंगात जास्त पक्का बसत होता. परकायाप्रवेश हा शब्द गोष्टींतून ऐकून माहीत होता. त्यासाठी नुसता हात दाबायचा असतो, हे कुठल्याच गोष्टीत नव्हतं.

तर मग हेडसेटमधला स्पर्श इतका दरिद्री का? डोळ्यांसाठी एवढा थाट, कानांसाठी चारी दिशांचा आवाज, आणि हाताला काय, तर मोबाईल थरथरतो तशी एक थरथर. टेबल लागलं, गुर्र. चेंडू पकडला, गुर्र. कुणी खांद्यावर हात ठेवला, तरी गुर्र, आणि तीही तळव्यात. आपल्या एका तळहाताच्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० मज्जातंतू येऊन पोचतात आणि त्यांची कामं वाटलेली असतात. कडा आणि टोकं कळणारे वेगळे, वस्तू निसटायला लागली की ओरडणारे वेगळे, त्वचा ताणली गेली की बोलणारे वेगळे. सर्वांत खोलवर पॅसिनी नावाच्या इटालियन माणसाच्या नावाची कांद्यासारख्या थराथरांची बारीक बोंडं असतात, ती थरथरीला जागी होतात, आणि सेकंदाला २५० च्या आसपास कंपनं असली तर सगळ्यांत जास्त. कंट्रोलरमधली मोटर नेमकी त्यांच्याशीच बोलते. बाकीचे पाहुणे तसेच बसून राहतात, त्यांना कुणी विचारत नाही.

आणि विचारायला गेलं तरी पंचाईत आहे. डोळ्याला सेकंदाला नव्वद चित्रं दाखवली की त्याचं समाधान होतं. हाताला टणक भिंत टणक वाटायची असेल तर यंत्राला सेकंदाला हजारेक वेळा जोर बदलावा लागतो. त्याहून फार कमी पडला तर भिंत भुसभुशीत तरी लागते किंवा थडथडते तरी. बोटांना मागे ओढून धरणारे हातमोजे आहेत. त्यांच्यामुळे आभासी चेंडूभोवती बोटं थांबतात, चेंडू मुठीत आल्यासारखा वाटतो. पण तो चेंडू टेबलावर ठेवायला जा, हात टेबलातून खालीच. कारण मोजा तुमच्या हातालाच अडकवलेला आहे, जमिनीला नाही. तो बोटांना अडवू शकतो, तुम्हाला अडवू शकत नाही. इव्हान सदरलंड यांनी १९६५ साली एका छोट्या निबंधात अशा खोलीची कल्पना मांडली होती की जिथे कॉम्प्युटरने निर्माण केलेल्या खुर्चीवर खरोखर बसता येईल. डोक्यावर चढवायचं यंत्र त्यांनी १९६८ पर्यंत बनवूनही दाखवलं. खुर्ची अजून यायची आहे.

स्पर्श वाढवत नेला की भ्रम वाढत जाईल, हेही सरळ नाही. २०१८ साली 'सायन्स रोबोटिक्स'मध्ये आलेला एक अभ्यास मला फार पटला. दोन्ही हातांतल्या कंपनांचा तोल असा साधला की स्पर्श दोन हातांच्या मधल्या मोकळ्या जागेत झाल्यासारखा वाटे. स्पर्श जास्त नेमका, पण तिथे त्याला जुळेल असं काही दिसलं नाही तर लोकांना अनुभव साध्या थरथरीपेक्षाही खोटा वाटला. दिसण्यात कारण पुरवलं की सुधारला. ओबडधोबड थरथरीला आपण सूट देतो, ही खूण आहे म्हणून सोडून देतो. जरा बारकाईने स्पर्श झाला की शरीर लगेच चौकशी करतं, कोण आहे, दिसत कसं नाही.

उलट्या टोकाचा एक माणूस या विषयात नेहमी भेटतो. इयन वॉटरमन. १९७१ साली, वय १९, तापाच्या आजारानंतर मानेखालचा स्पर्श आणि न बघता हातपाय कुठे आहेत हे कळण्याची जाण, दोन्ही कायमची गेली. स्नायू शाबूत, दुखणं कळतं, गरम-गार कळतं, पण हात कुठे आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही. ते डोळ्यांच्या पहाऱ्याखाली एक एक हालचाल नव्याने शिकले, बसायला, उभं राहायला, चालायला. दिवे गेले तर कोसळायची पाळी. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीच्या त्या ऊबदार परक्या बोटांची आठवण आली आणि पुस्तक जरा वेळ मिटून ठेवलं. माझं तर काही तासांचंच होतं. हेडसेटमधल्या आपल्याला डोळ्यांनी शरीर दिलेलं असतं, स्नायूही कुठे काय आहे ते सांगत असतात, फक्त त्वचा गप्प असते. तेवढ्या एका गप्पपणाने हात हातमोजा होतो.

आणि आपलेपण आलं की त्यासोबत जे येतं तेही ध्यानात ठेवायला हवं. सुरी पडली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला तो खरा होता. आभासी जगात आपल्या शरीराशी अनोळखी कुणी लगट केली अशा तक्रारी बायका करतात तेव्हा "पण खरा हात कुठे लागला?" असं विचारणारे भेटतात. त्यांना माझ्या भाच्याच्या खुर्चीत बसवावं. ब्रश दोन मिनिटं, मग सुरी.

भाच्याच्या ब्रशाबद्दल आणखी एक. सुरुवातीला तो भराभर फिरवत होता, भिंत रंगवल्यासारखा. मी म्हटलं, अरे हळू. हळू केलं आणि तेव्हाच भ्रम जमला, हे मला नंतर लक्षात आलं. त्वचेत, विशेषतः केस असलेल्या भागात, मंद गतीचे काही तंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर अशा वेगाने कुणी हात फिरवला की ते सगळ्यांत जास्त जागे होतात. आजारी मुलाच्या कपाळावरून आपण न ठरवता ज्या वेगाने हात फिरवतो, तो साधारण हाच. या वेगाने ब्रश फिरवला तर रबरी हात जास्त आपला वाटतो, असं २०१३ सालच्या एका प्रयोगात दिसलं. कंट्रोलरच्या मोटरला मात्र या तंतूंचा पत्ताच माहीत नाही.

एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. तारा काढल्या तरी माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, हाताच्या पाठीवर, नाण्याएवढी जागा बधिर राहिली. तारेच्या वाटेत एखादी बारीक नस दुखावते कधी कधी. संवेदना येईल हळूहळू, डॉक्टर म्हणाले होते, आली नाही. त्रास काही नाही. साबण लावताना किंवा शालीची किनार तिथून जाताना स्पर्श बोगद्यात शिरावा तसा गडप होतो आणि पलीकडून बाहेर येतो. मला बसल्या बसल्या ती जागा दाबून बघायची सवय लागलीय.

त्या दिवशी हेडसेट काढल्यावर हात सवयीने तिथे गेला. बधिर होतीच. आणि मग आठवलं. ब्रश अंगठ्यावरून मनगटापर्यंत कितीदा तरी गेला होता, आणि बोगदा एकदाही लागला नव्हता. सलग गेला होता. राखाडी हातावर तिथे वण नव्हता, काहीच नव्हतं, ब्रश सरळ जाताना दिसत होता.

भाच्याला सांगितलं. त्याने वहीत काहीतरी टिपलं. "डोळ्यांनी भरून काढलं असेल," म्हणाला, आणि हेडसेट खोक्यात घालायला लागला.

"थांब. परत लाव."

"आता काय उपयोग, सुरी पडणार ते तुला माहीत झालंय."

"सुरी नको. नुसता ब्रश. अंगठ्यावरून ने, आणि हळू ने."